चूक आणि लबाडी

आम्हा सीमाभागातल्या माणसांची जीभ दोन भाषांत वळते, त्याचा कधी कधी विचारालाही उपयोग होतो. मराठीत 'चूक' वेगळी आणि 'लबाडी' वेगळी. कन्नडमध्येही 'तप्पु' निराळा आणि 'मोस' निराळा. हिशेब चुकला तर दुकानदार ओशाळतो. माप मारले तर त्याची पत जाते. बाजारात शेंगा विकणाऱ्या बाईलाही कळणारा हा भेद विद्वानांच्या जगात मात्र लिहून ठेवावा लागला.

अमेरिकन सरकारने २००० साली संशोधनातील गैरवर्तनाची व्याख्या केली. न केलेल्या प्रयोगाचे आकडे रचणे, केलेल्या प्रयोगाचे आकडे फिरवणे आणि दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवणे, या तीन गोष्टी तिच्यात येतात. प्रामाणिक चूक किंवा मतभेद म्हणजे गैरवर्तन नव्हे, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. मला हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. चुकण्याची मुभाच नसेल तर नवे काही करायला धजेल कोण?

व्याख्या झाली, पण पुढे काय करायचे? इथे दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले हिमालयाचे. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजीत गुप्ता हे जीवाश्मांचे नामांकित अभ्यासक. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्णन केलेले कित्येक जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क राज्य अशा परठिकाणचे असल्याचे ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. अनेक सहलेखकांनी जीवाश्म कुठे मिळाला याबाबत गुप्तांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. चौकशीत दोष सिद्ध झाला. तरीही गुप्ता २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत विद्यापीठातच राहिले.

दुसरे प्रकरण यान हेंड्रिक श्योन या जर्मन तरुणाचे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याच्या नावाचा मोठा बोलबाला होता. २००२ मध्ये इतरांच्या लक्षात आले की, वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत तीच ती रेषा, बारीक थरथरीसकट, पुन्हा पुन्हा उमटते आहे. मे महिन्यात बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि सप्टेंबरात अहवाल आला. २४ आरोपांपैकी १६ बाबतींत तो दोषी ठरला. धड नोंदवह्या नव्हत्या. संगणकात जागा नव्हती म्हणून मूळ आकडे पुसले, असे त्याचे म्हणणे. त्याची नोकरी गेली आणि त्याचे लेख मागे घेतले गेले.

एकीकडे चार महिने, दुसरीकडे वर्षानुवर्षे. हा फरक बुद्धीचा नाही. आपल्या माणसाकडे परक्याच्या नजरेने पाहायची तयारी आहे की नाही, एवढाच तो आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातील मजकूर शेकडा १० पर्यंत इतरांशी जुळला तर शिक्षा नाही. ६० च्या वर जुळला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियम चांगलेच आहेत. पण मनाने रचलेला आकडा कोणाचीच नक्कल नसतो, त्यामुळे तो या चाळणीतून सुखरूप निसटतो. त्याला पकडायला मूळ नोंदवहीच लागते.

आणि नोंदवहीची सवय शाळेत लागते. दहावीत ओहमच्या नियमाचा प्रयोग असतो. आमच्या जुन्या अ‍ॅमीटरवर घेतलेले बिंदू कधीच तंतोतंत एका रेषेवर बसत नाहीत. म्हणून सगळे बिंदू रेषेवर बसले की मला आनंद होण्याऐवजी शंका येते. एकदा एका पालकांनी विचारले, "सर, उत्तर पुस्तकात दिलेलंच आहे, मग मुलीनं वहीत खाडाखोड कशाला ठेवायची?" मी म्हणालो, "कारण ती खाडाखोड तिची आहे. पुस्तकातलं उत्तर तिचं नाही." त्यांना ते कितपत पटले कोण जाणे.

आम्ही आता एवढेच करतो. वाचन शाईने जागच्या जागी लिहायचे, चुकले तर एक आडवी रेघ मारायची, खोडरबर वापरायचे नाही, आणि वाकड्या आलेखाचे गुण कापायचे नाहीत. सरळ रेषेला गुण आणि खऱ्या वाचनाला शून्य असा हिशेब आपणच ठेवला, तर पुढे प्रयोगशाळेत आकडे रचणाऱ्याला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर राखणदार कोणाला बोलावणार?