रेंजवरचा माझा पहिला दिवस – अनुभवलेखन

'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' हा विषय मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला देतो. दरवर्षी मला तीच सहल, तोच मुसळधार पाऊस आणि विहिरीत बुडता बुडता वाचलेला तोच मित्र वाचायला मिळतो. यंदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, तुम्हीच लिहा की एकदा!" वर्ग खो-खो हसला. मी हो म्हणून बसलो. पण लिहायला घेतल्यावर जो प्रसंग डोळ्यांपुढे आला, तो शाळेत सांगावा की नाही हेच कळेना. विषय हत्याराचा. शेवटी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा, पण घाबरला होता ते लपवू नका." म्हणून हे लिहितोय.

आमचे अण्णा पेट्रोल पंप चालवायचे. सांगलीकडे, हमरस्त्याला. तेव्हा सगळा व्यवहार रोकडा. शनिवारी दुपारनंतरची आणि रविवारची गल्ल्याची रक्कम घरी आणावी लागायची आणि सोमवारी बँकेत भरायची. 2002 साली एका रात्री दोघांनी त्यांची मोटारसायकल अडवली, पिशवी हिसकावली आणि जाताना हातावर काठी घातली. अण्णांचा उजवा हात महिनाभर गळ्यात होता. पुढच्या वर्षी त्यांनी परवाना काढला आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

ते आम्हाला कधी हातात मिळालं नाही. दिसायचं वर्षातून एकदा, खंडेनवमीला. पाटावर कोयता, विळा, पंपावरचे पाने-पकडी आणि मधोमध ते. आई हळदकुंकू वाहायची, काडतुसांवरसुद्धा. निवडणूक लागली, आचारसंहिता आली की अण्णा ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे. एरवी चामड्याच्या पाऊचात, सदऱ्याखाली. त्यांनी कधी ते झाडलेलं मी पाहिलं नाही, ऐकलंही नाही.

2022 साली अण्णा गेले. हत्यार आणि काडतुसं नियमाप्रमाणे जमा केली. मग प्रश्न आला, पुढे काय? वारसाच्या नावावर परवाना होऊ शकतो, पण त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती, अर्ज, पोलीस चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असं बरंच काही लागतं. आई म्हणाली, "त्यांची आठवण आहे ती, सरकारजमा करू नको." सौ. म्हणाली, "घरात दोन पोरं आहेत. आठवण ठेवायला फोटो आहे की भिंतीवर." दोघींचंही बरोबर होतं. आणि पंपावर आता निम्मं गिऱ्हाईक फोन काढून पैसे देतं, पिशवी पूर्वीइतकी भरत नाही. मी मराठीचा शिक्षक, मला हे कशाला हवं? तरी आईचा चेहरा बघून अर्ज केला. पुष्कळ खेटे घातल्यावर परवाना झाला आणि रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर घरी आलं. सोबत अण्णांची 18 काडतुसं.

प्रशिक्षणात एअर पिस्तुलाचे छरे मारले होते, पण या हत्याराने एकही गोळी झाडलेली नव्हती. म्हटलं, ठेवायचं की सोडायचं हे ठरवण्याआधी निदान ते काय आहे ते बघू.

रेंजवर जाण्याआधी नवी काडतुसं घ्यायला दुकानात गेलो आणि तिथेच पहिली फजिती झाली. मी आपलं सहज म्हणालो, "बत्तीसची द्या." दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "रिव्हॉल्व्हरची का पिस्तुलाची?" मला वाटलं बत्तीस म्हणजे बत्तीस! त्याने काचेवर दोन काडतुसं उभी केली. एक लांब, दुसरं बुटकं. लांब होतं रिव्हॉल्व्हरचं, त्याची पुंगळी 23 मिलिमीटर आणि बुडाला बाहेर आलेली ठळक कड. ती कड सिलिंडरच्या भोकावर अडकते, म्हणून काडतूस आत घसरत नाही. बुटकं होतं पिस्तुलाचं, पुंगळी 17 मिलिमीटर, कड जेमतेम, गोळीवर तांब्याचं आवरण. दोन्हींचं नाव बत्तीस, पण एकाचं दुसऱ्यात चालवायचं नाही, बसलं तरी चालवायचं नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

जाता जाता भाषेचं एक सांगतो, कारण सवय जात नाही. आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण गोळी म्हणजे फक्त टोकाचं शिसं. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, हे सगळं मिळून काडतूस. आणि हा 'काडतूस' शब्द आपल्याकडे आला पोर्तुगिजांकडून. व्याकरणाच्या तासाला परभाषी शब्दांची यादी घोकून घेताना हा शब्द मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलाय, वस्तू मात्र पहिल्यांदा तिथे हातात धरली.

दुकानदाराने काडतुसाचं बूड दाखवलं. त्यावर 'केएफ' अशी अक्षरं. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याची खडकी. 1869 पासूनचा तो दारूगोळा कारखाना. म्हणजे हत्यार कानपूरचं आणि खाऊ पुण्याचा! दुसऱ्या एका प्रकाराची गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते. तिने कागदाला चहाच्या कपाच्या कडेसारखं स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजायला सोपं, म्हणून नेमबाज ती वापरतात. "तुम्हाला कशाला? तुम्ही आधी कागदाला तर लागू द्या," तो म्हणाला. मी खडकीची साधी, गोल नाकाची 20 घेतली. त्याने परवान्यावर नोंद केली, सही घेतली. मग हळूच म्हणाला, "घरातली जुनी किती आहेत? त्यांच्या भरवशावर राहू नका."

मला वाटलं, दुकानदारच तो, असंच म्हणणार.

रविवारी सकाळी क्लबच्या रेंजवर पोचलो. तिथे शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. मी त्यांना साहेब म्हणत होतो, ते मला गुरुजी. पहिली वीस मिनिटं त्यांनी मला हत्यार उघडायलाच दिलं नाही. नळी नेहमी समोरच्या मातीच्या बांधाकडे. लक्ष्य धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. 'थांबा' हा शब्द कोणीही उच्चारला की सगळ्यांनी थांबायचं, मग उच्चारणारा पाणी देणारा पोरगा का असेना. मी मान हलवत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "तिसरं काय सांगितलं?" मला आठवेना. वर्गात मुलांचं जे होतं तेच माझं झालं.

मग कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा आणि रिव्हॉल्व्हर हातात. साधारण सातशे ग्रॅमचं. सात केळ्यांचं वजन म्हणा. पण हात सरळ समोर धरून उभं राहिलात की अर्ध्या मिनिटात ते वजन दुप्पट होतं. वरची कळ दाबली की हे मधोमध मोडतं, नळी खाली झुकते आणि सहा घरं दिसतात. डाव्या हाताचा अंगठा मी पुढे सिलिंडरजवळ नेला, तर सुभेदारांनी चापट मारली. सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथून तापलेला वायू बाहेर फेकला जातो.

मी हट्टाने म्हणालो, "आधी वडिलांची काडतुसं वापरू." त्यांनी तळहातावर घेऊन ती बघितली. पितळेवर हिरवट डाग होते. "चामड्यात ठेवली होती ना?" त्यांनी विचारलं. चामडं ओल धरतं, पितळ खातं. वर वीस वर्षांचे पावसाळे आणि, मी सांगितलं नाही, पण आईचं हळदकुंकू. डाग जास्त असलेली सहा त्यांनी बाजूला काढली, ती झाडायचीच नाहीत म्हणाले. उरली बारा. सहा भरली.

दहा मीटरवर कागद. पहिली गोळी सुटली. आवाजापेक्षा मला धक्का जाणवला तो छातीत, आणि डोळे मिटले गेले ते वेगळंच. कागद कोरा. दुसरी, कागद कोरा. तिसऱ्यांदा चाप ओढला आणि नुसतं 'टक्'. मी रिव्हॉल्व्हर खाली घेऊन बघायला लागलो, तोच मागून ओरड आली, "समोर! समोरच धरा!" कधी कधी टोपी पेटते पण दारू उशिरा धरते. म्हणून नळी बांधाकडे ठेवून मनात तीस आकडे मोजायचे. मी मोजले. माझे तीस बहुतेक दहा सेकंदांत संपले असतील, कारण सुभेदार म्हणाले, "परत मोजा."

मोजून झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, आत्ता तुमचं हत्यार बघितलं का? गोळी सुटलीच नाही, तरी नळीने खाली मुंडी घातली. धक्का यायच्या आधीच तुम्ही घाबरून हात दाबताय. कागद कोरा राहणारच." मला फार लाज वाटली. चाप मी ओढत होतो, पण गोळी सोडत होती माझी भीती.

दुसऱ्या सहातलं दुसरं काडतूस. चाप ओढला. 'ठो' ऐवजी 'फुस्' झालं, बाटलीचं बूच उडाल्यासारखं. धक्का जवळजवळ नाहीच. मला वाटलं, वा, या वेळी हात नीट धरला! बरं वाटलं. पुढची झाडायला बोट चापावर ठेवलं.

"थांबा!"

आवाज इतका मोठा होता की शेजारच्या दोन्ही जागांवरचे लोक थिजले. सुभेदारांनी माझं मनगट धरलं होतं. बोट काढा म्हणाले. रिव्हॉल्व्हर उघडलं, सिलिंडर रिकामं केलं आणि नळीच्या तोंडातून पितळेची सळई घातली. ती निम्म्यात अडली. आत गोळी रुतून बसली होती. दारू ओलसर होऊन मेली होती, फक्त टोपीच्या जोराने शिसं नळीत ढकललं गेलं आणि अडकलं. मी पुढचा चाप ओढला असता, तर मागून दुसरी गोळी त्या पहिलीवर आदळली असती. मी विचारलं, "काय झालं असतं?" ते म्हणाले, "नशीब चांगलं असतं तर नळी फुगली असती." नशीब वाईट असतं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लाकडी हातोडीने हलकेच ठोकत त्यांनी ते शिसं बाहेर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. माझा हात थरथरत होता. अजून कोमट होतं ते.

मी बाकावर जाऊन बसलो. पाणी प्यालो. आणि मग एकदम अण्णा आठवले. रविवारी रात्री साडेदहाला, उसाच्या दोन फडांमधल्या रस्त्यावरून, पिशवी पोटाशी बांधून येणारे अण्णा. आम्ही आत निर्धास्त झोपायचो, कारण त्यांच्याकडे 'ते' आहे. त्यांचीही तीच खात्री. आणि त्यांच्या कमरेला होतं ते हे. काडतुसं कधी बदलायची असतात हे त्यांना कोणी सांगितलं नसेल. की माहीत असूनही खर्च टाळला असेल? माझ्या कॉलेजची ती वर्षं होती.

जुनी उरलेली सुभेदारांनी झाडू दिली नाहीत. हिशेब सांगतो. भरलेल्या बारापैकी आठ चाप ओढले. पाच सुटल्या, दोन फुसक्या निघाल्या, एक अडकली. नळी पुसून, उजेडाकडे धरून त्यांनी पुन्हा पुन्हा तपासली आणि मग नवी काडतुसं भरायला सांगितली. मला खरं तर घरी जायचं होतं.

त्यांनी एक युक्ती केली. सिलिंडर स्वतः भरलं, मला बघू न देता. काही घरांत नवी काडतुसं, काहींत रिकाम्या पुंगळ्या. कुठे काय ते मला ठाऊक नाही. रिकाम्यावर 'टक्' झालं की नळीने मुंडी घातली का ते दिसायचं. पहिले चार वेळा घातली. नंतर कमी झाली. वीसपैकी बारा नवी झाडली, नऊ कागदावर लागल्या, दोन काळ्या वर्तुळात. सुभेदार म्हणाले, "पास." मी मुलांना जसे काठावरचे पस्तीस देतो, तशा सुरात म्हणाले.

परतताना दुकानात थांबलो. अण्णांची उरलेली दहा काडतुसं दुकानदाराकडे जमा केली आणि नोंद करून घेतली. तो काही बोलला नाही, मीही नाही. नवी आठ वेगळ्या कुलपात, रिव्हॉल्व्हर वेगळ्या कुलपात, हे सौ.शी ठरलं. सोडायचं की ठेवायचं, हे अजून आमच्यात चालू आहे.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काय रे, त्यांच्या गोळ्या चालल्या का?"

खिशात ते शिसं होतं. मी हात खिशातच ठेवला.

"चालल्या की," मी म्हणालो. "सगळ्या."