अन्वय आणि व्यतिरेक

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या पंतोजीनें संगणकाच्या शास्त्रांत लुडबूड करूं नये हें खरें. परंतु गेल्या चातुर्मासांत माझ्या पुतण्यावर जो प्रसंग आला, त्यानें मला अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची आठवण झाली.

पुतण्याच्या कचेरींतील सर्व्हर एका अगदीं नव्या रनटाइमवर चालतो. रनटाइम म्हणजे प्रोग्राम वाचून तो यंत्राकडून करवून घेणारी मधली व्यवस्था. आवृत्ति अद्याप शून्यानें सुरू होणारी, म्हणजे केव्हांहि कांहींहि बदलेल असा संकेत. (प्रसिद्ध नोडसुद्धां २००९ पासून २०१५ पर्यंत शून्यांतच होतें!) हा सर्व्हर दिवसांतून दोन-तीनदां कोसळे, आणि ठपका येई पुतण्याच्या लेखनावर. त्यानें रनटाइमच्या कर्त्यांस कळविलें. उत्तर आलें, ‘पुन्हा घडवून दाखवा.’

“काका, मी काय खोटें सांगतों?” तो संतापून म्हणाला. मला मात्र तें उत्तर रास्त वाटलें. एकदां घडलें ही वार्ता. अमुक केलें असतां नेहमीं घडतें, हा पुरावा.

स्वयंपाकघरांत धूर आहे, अग्निहि आहे. तळ्यांत अग्नि नाहीं, धूरहि नाहीं. हीच रीत त्यानें धरली. ४०० ओळींच्या प्रोग्रामांतून एकेक भाग वगळला. डेटाबेस काढला, तरी कोसळे. लॉगिंग काढलें, तरी कोसळे. चौथ्या रात्रीं ११ ओळी उरल्या. सर्व्हर मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनीं धाडीत असतां ब्राउझरनें मध्येंच जोडणी तोडली कीं रनटाइम खलास. जोडणी टिकली तर ५० वेळांत एकदांहि नाहीं. त्याच ओळी नोडवर बिनतक्रार चालल्या.

मरतांना लिनक्सवर १३९ हा आंकडा उमटे: १२८ अधिक ११, आणि ११ वा संकेत म्हणजे स्मृतींत जेथें जाऊं नये तेथें पाऊल पडणें. निव्वळ जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याची चूक असती तर त्रुटीचा संदेश आला असता. असा अतिक्रम त्या भाषेंत त्याच्या हातून व्हावयाचा नाहीं. दोष आंतला होता.

पत्रांत आवृत्ति, त्या ११ ओळी, अपेक्षित काय नि घडलें काय, एवढेंच ठेवविलें. शेवटीं त्यानें एक झोंबणारें वाक्य घातलें होतें, तें मीं जुन्या संवयीनें खोडलें.

सहाव्या दिवशीं दुरुस्ती झाली. कचेरींतील वरिष्ठांनीं ठपका मागें घेतल्याचें मात्र अद्याप ऐकिवांत नाहीं.