बकुळीची दोन खोडं

18 जानेवारी, अलिबाग
बकुळीला करवत लावायची तर होळीच्या आधी. फाल्गुनात पालवी फुटू लागली की झाडाने साठवलेलं बरंचसं त्या कोवळ्या पानांत गेलेलं असतं. भर उन्हाळ्यात फांद्या काढल्या तर इतकी वर्षं सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात येऊन भाजते. पावसाळ्यात ओल्या जखमेवर बुरशी येते.

आज नुसतं बघायचं ठरवलं होतं, तसं बघितलं. बाहेरून घुमट इतका दाट की काही कळत नाही, वाकून आत शिरावं लागतं. पुरुषभर उंचीवर खोडाचे दोन भाग होतात. दोन्ही जवळपास सारख्या जाडीचे, एकमेकांना खेटून सरळ वर गेलेले. बेचका फार अरुंद आहे. अशा ठिकाणी दोन्हीकडची साल आत दाबली जाते आणि लाकूड लाकडाला मिळत नाही. वरून जोड भक्कम दिसतो, पण वजन वाढलं की तिथेच चिरतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या आळीत मुळासकट आडवी झालेली झाडं होतीच. मला जास्त वाईट वाटलं ते बेचक्यात उभी फाटलेल्यांचं. ती वाचवता आली असती, आणि तीही लहानपणी, एखाद्या हलक्या छाटणीने.

22 जानेवारी
नगर परिषदेत अर्ज दिला. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी 1975 च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती लागावी असंच मला वाटतं. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. आमची बकुळ त्या मानाने पोरसवदा. कोणती फांदी, किती जाड, कशासाठी, हे कागदावर लिहायला बसलं की अर्ध्या फांद्या आपोआप सुटतात. ‘कचरा होतो’ हे कारण मी लिहिलं नाही. पानं गाळणं हा झाडाचा हक्क आहे.

2 फेब्रुवारी
माळीकाका येऊन बघून गेले. “ताई, वरून सपाट मारून देतो. दोन वर्षांत डेरेदार होईल.” मी म्हटलं, “काका, हा आंबा नाही.” जुन्या हापूसची डोकी उतरवून पुन्हा धरती करण्यात त्यांचा हात बसलेला आहे, आणि आंबा तो घाव सोसतोही. बकुळीचा शेंडा मात्र वर्षाला जेमतेम वीतभर सरकतो. तिचा माथा उडवला तर कापल्या जागी उभ्या काटक्यांचा झुबका येणार, त्यांची पकड वरवरची असणार आणि मूळचा आकार मला पुन्हा बघायला मिळणार नाही. काका बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, “मग कात्रीचंच काम जास्त आहे.” अगदी बरोबर.

6 फेब्रुवारी
परवानगी हाती आली. आधी बुलबुलाचं घरटं कुठे नाही ना, ते बघून घेतलं. करवत आणि सिकेटर स्पिरिटने पुसले. पहिल्यांदा वाळलेलं काढलं, मग एकमेकांवर घासणारं. त्यानंतर कौलांवर टेकलेली मनगटाएवढी फांदी.

तिला तीन काप दिले. खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा, त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, म्हणजे फांदी पडताना सालीची पट्टी खोडापर्यंत सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळं असतं, करवत त्याच्या बाहेरून चालवायची. खोडाशी सपाट कापलं की दिसायला स्वच्छ, पण ते वळंच जातं. अमेरिकन वनखात्यातल्या अॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून हे दाखवलं. 1986 च्या त्यांच्या ग्रंथात ते सविस्तर आलं आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. सडलेलं लाकूड तसंच आत राहतं, झाड त्याच्याभोवती भिंती घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. बकुळीसारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडाला त्यासाठी कितीतरी वर्षं लागतात. म्हणून कापायचं ते बोटाएवढं असतानाच, मांडीएवढं होण्याची वाट बघायची नाही.

कापातून पांढरा चीक आला. चिकूच्याच कुळातली ही. काकांनी बोर्डो पेस्टचा डबा उघडला होता, तो बंद करायला लावला. लेप दिल्याने आतली सड थांबत नाही, हेही शायगोंनी तपासून सांगितलं आहे. काकांना ते पटलं नाही. त्यांच्या बागायतीतल्या अनुभवाचा मला आदर आहे, पण या झाडावर माझं ऐकलं त्यांनी.

7 फेब्रुवारी
आज दुसरं खोड. ते काढायचं नाही, मुख्य खोडाच्या मागे ठेवायचं. सरळ जाणारा त्याचा शेंडा एका बाजूफांदीपाशी उतरवला. ती फांदी कापलेल्या दांड्याच्या निदान एक तृतीयांश जाड हवी, तरच पुढचा भार ती घेते. आणखी दोन ठिकाणी हात शिवशिवत होता, पण थांबवलं. एका वर्षात पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा, आणि बकुळीला त्याच्या निम्मंही पुष्कळ.

19 मार्च
पालवी आली. खोडावर दोन पाणसोट फुटले होते, नखाने खुडले.

11 मे
पहाटे शेजारच्या काकू फुलं वेचायला आल्या. बकुळीचं फूल गळतं तेच मधे भोक घेऊन, सुई लागत नाही. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात त्या नुसती ओवत जातात. “यंदा कमी झाली का गं फुलं?” त्यांनी विचारलं. छाटल्या बाजूला खरंच कमी आहेत, तसं त्यांना सांगितलं. मुख्य खोडावर नेहमीसारखीच आहेत.

23 जून
मृगाचे दोन जोरदार पाऊस झाले. छत्री घेऊन बेचका बघितला, नवी चीर नाही. फेब्रुवारीतल्या कापाभोवती सालीची बारीक कड उचलली आहे, सगळीकडून सारखी. म्हणजे वळं शाबूत आहे.

मागे ठेवलेलं खोड मुख्य खोडाच्या निम्म्याहून बारीक राहिलं, तर मुख्य खोडाचं लाकूड त्याला वेढून घेतं आणि जोड पक्का होतो. त्याला अजून बरेच हिवाळे लागतील. पुढच्या माघात त्याच खोडाचा आणखी एक शेंडा उतरवायचा, बाकी कशालाही हात नाही. अर्जाचा मसुदा वहीच्या मागे लिहून ठेवला आहे. फांदीची जाडी तेव्हा मोजून भरायची.