पाण्याचा हिशेब

लातूरच्या मोंढ्यातील एका जुन्या आडत पेढीच्या दारात दर वर्षी चैत्र लागला की पाणपोई उभी राहते. वाळूवर मांडलेले चार रांजण, त्यांच्याभोवती ओले तांबडे फडके, आत स्वच्छ गाळलेले पाणी आणि लांब दांड्याचे ओगराळे. पेढीच्या मूळ पुरुषाच्या स्मरणार्थ चालणारी ही सेवा घराण्याने एकही वर्ष खंडित होऊ दिलेली नाही. हमाल, टेम्पोवाले, तूर घेऊन आलेले शेतकरी तेथे ओंजळ धरतात आणि तृप्त होऊन जातात. त्याच दारातून आत गादीवर बसलेले शेठ मात्र सकाळी दहापासून सायंकाळच्या जेवणासाठी घरी जाईपर्यंत जेमतेम दोन पेले पाणी पीत. ही विसंगती चार पिढ्यांच्या त्या कुटुंबात कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ती आली एका वैशाखात, घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या आजारपणामुळे.

शेठजींच्या मातोश्री, ज्यांना सारे घर बाईजी म्हणते, त्या वेळी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा चौविहार चुकलेला नाही. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. सकाळी नवकारशी आल्याखेरीज, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत, तोंडात काही नाही. पाणी गाळून घ्यायचे, गळण्यातील जीव जयणेने पुन्हा त्याच पाण्यात सोडायचे, उकळलेले पाणी पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरच वापरायचे, हे सारे त्यांच्या हातवळणी पडलेले. पाण्याविषयी इतकी सावधानता बाळगणाऱ्या त्या घरात पाण्यावाचूनच आजार उद्भवावा, हे कोणाला खरे वाटले नसते.

एका दुपारी बाईजींनी सूनबाईंना विचारले, “हे अजून पेढीवरून आले नाहीत का?” त्यांचे यजमान जाऊन वीस वर्षे झाली होती. थोड्या वेळाने त्या पुन्हा तेच विचारू लागल्या. बोलणे अडखळत होते, जीभ कोरडी पडली होती, पाय लटपटत होते. घर हादरले. वय झाले, स्मृती गेली, असेच प्रत्येकाच्या मनात आले. पुण्याला असलेल्या मुलीला बोलावून घ्यावे, अशीही कुजबुज झाली.

डॉक्टरांनी तपासले, रक्त पाहिले. क्षारांचे प्रमाण बिघडले होते. सलाईन लावताना त्यांनी एक साधा प्रश्न केला: “काल दिवसभरात बाईजी किती पाणी प्यायल्या?”

खोलीत पाच माणसे होती. एकालाही उत्तर देता आले नाही. ज्या घरात कोणत्या शेतकऱ्याची किती पोती उतरली, त्यावर किती हमाली आणि किती तोलाई लागली, हे रात्री निजण्यापूर्वी वहीत चढते, त्या घरात आईच्या पोटात किती पाणी गेले याची नोंद कोणाकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईजी सावध झाल्या, सर्वांना ओळखू लागल्या. तेव्हा तरुण नातवाने रागानेच म्हटले, “आता तो चौविहार पुरे. जीव राहिला तर धर्म.” शेठजी गप्प राहिले. बाईजींनी मान फिरवली. डोळ्यांत पाणी होते, पण उत्तर दिले नाही.

खरे कारण उलगडले ते सूनबाईंमुळे. सासूशेजारी बसून त्यांनी हळूहळू विचारत नेले, तेव्हा बाईजींनी सांगितले की हिवाळ्यात एका रात्री न्हाणीघराकडे जाताना त्यांचा पाय घसरला होता. लागले नव्हते, म्हणून त्या कोणाला बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारी दोननंतर पाणी घेणेच त्यांनी सोडले होते. गुडघे दुखत, त्यामुळे दिवसाही उठण्याचा कंटाळा येई. वारंवार सुनेला हाक मारणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. त्यात रक्तदाबाची गोळी अशी होती की ती लघवी वाढवते. म्हणजे शरीरातून पाणी जात होते आणि भर पडत नव्हती.

डॉक्टरांनी पुढे जे समजावले ते प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे. उतारवयात शरीरातील पाण्याचा साठाच कमी होतो. तान्ह्या बाळाच्या वजनात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असते, तरुणपणी ते साठ टक्क्यांच्या आसपास येते आणि वार्धक्यात आणखी उतरते. त्याच वयात मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती घटते आणि तहान लागल्याची जाणीवही मंदावते. तरुणाला तहान वेळेवर सूचना देते. वृद्धाला ती सूचना उशिरा मिळते किंवा मिळतच नाही. म्हणून ‘तहान लागली की पितील’ हा भरवसा वडीलधाऱ्यांच्या बाबतीत खोटा ठरतो. अचानक आलेला गोंधळ, झोपाळूपणा, तोल जाणे, ही स्मृतिभ्रंशाची नव्हे तर पाणी कमी पडल्याचीही लक्षणे असू शकतात. मात्र ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाण्याचे माप डॉक्टरांनाच विचारून ठरवावे. तेथे जास्त पाणीही घातक होते.

त्या आठवड्यात गावात विराजमान असलेल्या महासतीजी बाईजींना मंगलपाठ ऐकवण्यास आल्या. नातवाने आपले म्हणणे त्यांच्यापुढेही मांडले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “पचक्खाणात समाधीचा आगार असतोच, प्रसंग आला तर त्याचा विचार होईल. पण बाईजींचे पचक्खाण रात्रीचे आहे. दिवसा तहानलेले राहण्याचे पचक्खाण त्यांना कोणी दिले?”

या एका वाक्याने वाद मिटला. दोष व्रतावर टाकून सारे मोकळे होऊ पाहत होते. वस्तुतः दोष व्रताबाहेरच्या तासांत होता. हिशेब मांडला तेव्हा दिसले की मे महिन्यात नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंत सुमारे बारा तास मिळतात. डिसेंबरातही दहा तास हाती राहतात. नियम न मोडता पाणी पिण्यास एवढा काळ पुरेसा आहे. तो काळ वाया जात होता, इतकेच.

मग घराची नजर स्वतःकडे वळली. शेठजी अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना दोनदा मुतखड्याचा त्रास झाला होता. ज्यांना खडे होतात त्यांनी दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे वैद्यक सांगते. शेठजी मात्र प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर अर्धा कप चहा घेत आणि तोच ओलावा पुरेसा समजत. चहातून पाणी मिळते हे खरे, पण अर्ध्या-अर्ध्या कपांची बेरीज लिटरभरही होत नव्हती, आणि साखर तेवढी पोटात जाई. नातू कारखान्यावरून येताच थंड पेयाची बाटली उघडी; तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, हे त्याने कधी मोजले नव्हते.

घरातील सवयींना आणखी एक जुने कारण होते. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात घरात पाहुण्यालाही अर्धा पेला देण्याची रीत पडली. ती काटकसर योग्यच होती. परंतु पेला अर्धा झाला तो अर्धाच राहिला. दुष्काळ सरला तरी पुन्हा भरून घेण्याची सवय परत आली नाही.

सर्वांत अवघड गोष्ट नातसुनेने सांगितली. ती शिकलेली, पेढीच्या किरकोळ विक्रीचा विभाग तीच पाहते. वर्षभरात तिला तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. पेढीवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. जवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह जाण्यासारखे नव्हते. म्हणून ती सकाळी अकरापासून घरी येईपर्यंत पाणीच घेत नसे. हे तिने सासूला सांगितले होते, सासऱ्यांना सांगणे शक्य नव्हते. सूनबाईंनी त्या दिवशी शेठजींच्या समोर ते स्पष्ट शब्दांत मांडले. गतवर्षी पेढीचे नूतनीकरण झाले, नवी गादी, नवे काचेचे दालन, वातानुकूलन आले. चार फूट जागा कोणाला सुचली नव्हती. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावले. दारात शंभर लोकांची तहान भागवणाऱ्या पेढीत आपली सून तहानलेली बसते, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली असावी.

आता घराची रीत बदलली आहे. बाईजींच्या न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसला, रात्री मंद दिवा राहतो. गोळीचे माप डॉक्टरांनी बदलून दिले. नवकारशीनंतर पहिली लोटी सूनबाई स्वतः देतात; पुढे दोन-दोन घोट, ताक, मुगाचे पातळ कढण असे सूर्यास्ताआधीपर्यंत चालते, पण शेवटच्या तासात एकदम पेलेच्या पेले नाहीत. पेढीत शेठजींच्या उजव्या हाताला तांब्या-भांडे आले. नातवाच्या बाटलीत लिंबूपाणी असते, निदान आठवड्यातून पाच दिवस.

बाईजींचा हिशेब सात वर्षांच्या पणतूकडे आहे. गल्ल्यातील बंद पडलेली दहा पैशांची आठ नाणी एका डबीत असतात. बाईजींनी लोटी संपवली की तो एक नाणे दुसऱ्या डबीत टाकतो. सायंकाळी दिवस मावळण्यापूर्वी तो मोठ्याने जमा सांगतो.

एके दिवशी जमा पूर्ण झाली तेव्हा बाईजींनी त्याच्या दप्तरातील पाण्याची बाटली उचलून पाहिली. सकाळी भरली होती तशीच होती. मधल्या सुट्टीत खेळायला वेळ पुरत नाही, असे त्याने सांगितले.

“मग तुझी वही कोण लिहिणार?” बाईजींनी विचारले आणि आणखी चार नाणी काढण्यासाठी सुनेकडे किल्ली मागितली.