पश्चिमेला तोंड केलेलं अंगण

सोलापुरात ऊन दोन जातींचं असतं. सकाळचं ऊन माणसाळलेलं. त्यात पापड वाळतात, गोधड्या पसरल्या जातात, म्हातारी माणसं खुर्ची ओढून बसतात. दुपारी दोननंतरचं मात्र कुणाचं ऐकत नाही. आमच्या घराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे फाटकापासून पायरीपर्यंतच्या जागेवर मालकी या दुसऱ्या उन्हाची. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो, भर मध्यान्ही खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गडप होते, आणि तिथून दिवस कलेपर्यंत अंगणात सावली शोधायची ती फक्त मांजरानं. दिवस बुडाल्यावरही सुटका नाही. दिवसभर तापलेली फरशी आणि कुंपणाची भिंत झोपायच्या वेळेपर्यंत धग सोडत राहतात. झाडाला ही रात्रीची धगच जास्त जाचत असावी, असं मला वाटतं. माणूस निदान अंथरूण उचलून गच्चीवर जातो.

या जागेत आधी दुरांट्याची रांग होती, पिवळ्या पानांची. दुरांटा मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. मोकळा वाढू दिला तर त्याला जांभळ्या फुलांचे तुरे येतात, मागून नारिंगी मण्यांचे घोस लटकतात. पण कुंपणाच्या दुरांट्याला फूल आलेलं कुणी पाहिलंय? फूल येतं शेंड्याला, आणि शेंडा दर महिन्याला कात्रीखाली जातो. कापायचा, झाडायचा, पुन्हा कापायचा, असा तो कमरेएवढा चौकोन आम्ही वर्षानुवर्षं सांभाळला. त्यावर पाखरू येत नव्हतं, फुलपाखरू येत नव्हतं. येत होती ती फक्त रस्त्यावरून भिरकावलेली वेफर्सची पाकिटं. मग पाण्याची ओढ वाढली, रांग खालून काटक्या दाखवू लागली आणि एका उन्हाळ्यात वरूनही वाळली. माळीकाकांनी कुदळ घातली. वीतभर विकतची लाल माती, तिच्याखाली हात जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी, आणि त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला मुरूम निघाला.

ती चुनखडी पाहिली तेव्हाच निम्म्या इच्छांवर पाणी सोडायला हवं होतं. पण घर म्हटलं की इच्छा पाहून माती ठरत नाही आणि माती पाहून इच्छा.

"अनंत लाव गं," सासूबाई म्हणाल्या. "पावसात फाटक उघडलं की वास यायला हवा."

"आई, इथे अनंत पिवळा पडतो."

"आमच्याकडे कधी पडला नाही."

त्यांचं 'आमच्याकडे' म्हणजे रत्नागिरी. तिथला जांभा आंबट मातीचा, वर धो धो पाऊस. अनंत काय, एक्झोरा काय, सगळं न मागता फुलतं. सोलापूरची काळी माती चुन्याची, बोअरचं पाणी जड. अशा मातीत लोह असतं, पण ते मुळांना उचलता येत नाही. मग अनंताची नवी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जणू कुणी पानावर नदीचा नकाशा काढून ठेवलाय. लोहाचं औषध घातलं की झाड महिनाभर सावरतं आणि पुन्हा पूर्वपदावर येतं. कुंडीत, पूर्वेच्या बाल्कनीत, लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत घालून अनंत जगवता येतो. तसा तो जगवायचाही ठरला. पण फाटकाशी नाही. हे ऐकून सासूबाईंनी "मग लावा तुमचं निवडुंग" असं म्हणून विषय संपवला. निवडुंगाचा विचार मी खरोखरच केला होता, हे त्यांना सांगितलं नाही.

रोपवाटिकेत जाऊन "भर उन्हातलं झाड द्या" म्हटलं की समोर पन्नास पिशव्या येतात. तिथे सगळीच झाडं 'फुल ऊन'वाली असतात. त्या शेडनेटखालची रोपं कुठल्या उन्हात वाढली, हे विचारायची पद्धत नाही. पिशवी उचलून तळाशी पाहावं. मुळांनी आतल्या आत वेटोळी घातली असतील तर ते रोप वरून कितीही टवटवीत दिसो, काळ्या मातीत मुळं पसरायला त्याला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपला एप्रिल देत नाही. फुलावर आलेलं मोठं रोप घेण्यापेक्षा गुडघ्याएवढं, बिनफुलाचं घ्यावं. घरी आणल्यावर चार लोक "एवढंसंच?" म्हणतात. म्हणू द्यावं.

जास्वंद हवीच, यावर मात्र घरात एकमत होतं. गावठी, एकेरी, लाल. चतुर्थीला विकत फूल आणायचं नाही, एवढीच त्यामागची भूमिका. जास्वंदीला ऊन चालतं, पण पाण्याची चूक चालत नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. दोन दिवस ओल चुकली की ती कळ्या गाळते आणि कोवळ्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण चढतो. मुंग्यांची रांग दिसली की समजावं, तो आला. त्या त्याचा गोड चिकटा चाटतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी मारत राहावं लागतं.

पण जास्वंदीची खरी कीड पहाटे साडेपाचला येते. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडात स्तोत्र. देवासाठी तोडलेलं फूल चोरीत मोजत नाहीत, असं शास्त्र सगळ्या कॉलन्यांत आपोआप रुजलेलं आहे. या मंडळींवर मी बरीच वर्षं चिडले. मग लक्षात आलं की जास्वंदीचं फूल तसंही एका दिवसाचं. संध्याकाळी ते मिटून गळणारच असतं. आपण घरात असतो, झुडूप दारात असतं. ते पाहणारे, तोडणारे, हुंगणारे, खाणारे सगळे फाटकाबाहेरचे. घरातून आपल्याला दिसते ती त्याची पाठ. तेव्हा कुठलं झुडूप शोभेल हे विचारण्याऐवजी, दारात कोण कोण यावंसं वाटतं हे विचारलं की निवड बरीच सोपी होते, असं मला हळूहळू वाटू लागलं.

म्हणजे शेळ्याही आल्या. आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ शेळ्या फिरतात आणि फाटक लावायला विसरणारी माणसं घराघरांत असतात. शेळी जास्वंद आवडीनं खाते. अडुळशाला तोंड लावत नाही, रुईला लावत नाही, कण्हेरीला तर नाहीच.

कण्हेरीचं काय करायचं, यावर माझं मन बराच काळ हेलकावत होतं. पुण्याकडून हैदराबादला जाणारा महामार्ग सोलापुरातून जातो. त्याच्या दुभाजकावर धूर, धूळ, डांबराची धग सोसत गुलाबी-पांढरी फुललेली कण्हेर पाहिली की दुसरं काही लावावंसं वाटत नाही. तिच्या पानाची श्वास घ्यायची रंध्रं पानाच्या पाठीवर खोल खळग्यांत दडलेली असतात आणि त्या खळग्यांच्या तोंडाशी बारीक केस असतात. वारा आतली ओल सहजी पळवू शकत नाही. उन्हाशी एवढ्या बारकाईनं करार करणारं झाड दारात असावं, असा मोह होतोच. पण पान, फूल, साल, मूळ, सगळीच विषारी. वाळलेल्या फांद्या जाळल्या तरी धूर बाधतो. गणपतीच्या पत्रीत ती असते, पूजेच्या ताटात असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्याशी जपून वागत आले. आमच्या घरात सध्या जग दातांनी ओळखणारं एक पोर आहे. त्यामुळे कण्हेर मागच्या भिंतीशी, पोराच्या हाताबाहेर. तिच्यावर कधीतरी हिरवी, जाडजूड, निळ्या डोळ्यांच्या ठिपक्यांची अळी दिसते. त्या अळीला हे विष पचतं. तिचा पुढे हिरवा-गुलाबी नक्षीचा मोठा पतंग होतो. पानं कुरतडली म्हणून फवारणी करू नये एवढं माळीकाकांना बजावून ठेवलंय.

फाटकाच्या कडेची लांब पट्टी, जिथे दुरांटा होता, ती अजून रिकामीच होती. बोगनवेल सुचवणारे पुष्कळ होते. ती तहानली की जास्त फुलते हे खरं, पण शाळेच्या रिक्षा जिथे थांबतात तिथे तिचे काटे नकोत. मेंदीचं कुंपण जुन्या बंगल्यांना असायचं. उन्हाला मेंदीइतकं खंबीर दुसरं क्वचितच असेल, पण कापत राहिलं तर तिच्या फुलांचाही वास मिळत नाही, आणि मला आता कात्रीची भिंत नको होती.

मग नान्नजच्या वाटेवर तरवड दिसला. दिसला म्हणणं बरोबर नाही, तो कायमच तिथे होता. माळढोकासाठी राखलेल्या त्या गवताळ माळाकडे जाताना रस्त्याच्या कडेला, बांधावर, मुरमाच्या उघड्या उतारावर, पिवळ्या फुलांनी लगडलेला. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तरवड दाखवून द्यावा लागत नाही, आणि म्हणूनच तो कुणी अंगणात लावत नाही. त्याला कुणी खत घातलं नाही, पाणी घातलं नाही. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या सालीनं चामडं कमावलं जायचं, काडीनं दात घासले जायचे. रोपवाटिकेत विचारलं तर माणूस हसला. "ताई, तरवड कोण विकत घेतं?"

विकत घ्यायचा नसतोच. शेंगा वाळून कागदासारख्या चपट्या, तपकिरी झाल्या की तोडून आणायच्या. बीचं कवच टणक असतं. खरखरीत वाळूत चोळून रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की मऊ पडतं. रोप करून हलवण्यापेक्षा बी जागेवरच टोकावं, कारण त्याचं सोटमूळ आधी खाली धावतं आणि मग वर फांदी फुटते. पहिल्या वर्षी त्याला फूल मागू नये. खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू दिले, शेणखत आणि निंबोळी पेंड टाकली. बी मृगाच्या पहिल्या सरीवर टोकली, पण विकतची रोपं मी जूनमध्ये लावली नाहीत. पुस्तकातला जून कोकणाचा आणि मावळाचा असतो. इथे मृग नुसता तोंडओळख करून जातो. जमीन खरी भिजते ती भाद्रपदात आणि हस्ताच्या पावसात. मालदांडीची ज्वारी रब्बीत होते ती याच ओलीवर. म्हणून जास्वंद, कढीपत्ता आणि खालच्या ओळीतली कोरांटी गौरी-गणपतीनंतर जमिनीत गेली. जास्वंदीशेजारी एक बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. ते भरून ठेवलं की पाणी मुळांना झिरपत जातं, फरशीवर वाहून जात नाही. बाकी सगळ्यांवर उसाच्या पाचटाचं जाड पांघरूण. पाचट वाऱ्यानं उडतं, शेजारी कुरकुरतात; वर चार दगड ठेवले.

तरवडाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अंगणात यायला अजून वेळ आहे, पण माळावर उभं राहून ती ऐकता येते. त्याच्या फुलात मध नसतो. परागकोशही उभे चिरत नाहीत, टोकाला नुसतं छिद्र असतं. काळा भुंगा फुलाला लगटतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि त्या थरथरीनं पराग छिद्रातून झरतात. उडतानाची त्याची गुणगुण आणि फुलावरची गुणगुण वेगळ्या पट्टीत असते. दुसरी जास्त चढी. मधमाश्यांना ही युक्ती येत नाही, त्या मागाहून सांडलवंड गोळा करतात. दुपारच्या भर उन्हात, जेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून देतात, तेव्हाही हे काम चालू असतं.

तरवड लावलाय ही बातमी समोरच्या अक्कांपर्यंत पोचली. अक्का पद्मशाली. त्यांचे सासरे यंत्रमागावर आले तेव्हापासून घर सोलापुरात, पण नवरात्र जवळ आलं की मन तेलंगणात. त्यांच्या बतुकम्माला तरवड हवाच. ताटात फुलांचे थर रचत शिखर करायचं. त्यात शेतातला कुर्डू, झेंडू आणि हा पिवळा तंगेडू, जो तेलंगणाचं राज्यफूल आहे. मग बायकांनी त्याभोवती फेर धरायचा, गायचं, आणि शेवटी फुलं पाण्यात सोडायची. आता माळ लांब गेले, प्लॉट पडले. फुलांसाठी मुलाला मोटारसायकलवर पाठवावं लागतं.

"मॅडम, पुढच्या वर्षी मी इथूनच नेणार," अक्का फाटकावर हात ठेवून म्हणाल्या.

"न्या की. पण आमच्या घटालाही तरवडाची माळ लागते."

"तुमचा घट कधी?"

"प्रतिपदेला."

"आमचं अमावास्येपासून," अक्का म्हणाल्या, आणि हिशोब आपल्या बाजूनं लागल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. अमावास्या आधी, म्हणजे पहिला हात त्यांचा.

मातीतून तेव्हा जेमतेम चार संयुक्त पानं वर आलेली होती. सासूबाई पायरीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. अनंताचा राग अजून गेला नव्हता, पण व्यवहार त्यांना कळतो.

"अगं, मग आतल्या बाजूलाही दोन बिया टोक," त्या म्हणाल्या. "आणि त्या कुठे आहेत ते कुणाला सांगू नकोस."