परमिट रूमची टिपणं

वागळे इस्टेटमधला जुना बार. एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला टायरवाला. दर्शनी काचेला काळी फिल्म, कडांना सोलवटलेली. आत मोजकीच टेबलं. सनमायका कोपऱ्यांत उचकटून खालचं प्लायवूड दिसतं. काउंटरमागे गणपती, व्यंकटेश आणि अबकारीचा परवाना एकाच रांगेत टांगलेले, तिघांवर एकच दिव्यांची माळ. लादी मधोमध खचली आहे. नवखा बाथरूमकडे जाताना हमखास अडखळतो, रोजचा माणूस न बघता पाय उचलतो. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. कारखाने आले, मागोमाग खानावळी आल्या आणि मग असे बार. कारखान्यांतले बरेच गेले. हा आहे, आणि राहावा असं मला मनापासून वाटतं.

•

गल्ल्यावर अण्णा, मूळचे उडुपीकडचे. टेबलं सांभाळतात ते मामा, कोकणातले. मामांचं ओतणं बघत बसावं. साठ मिलीचं माप काठोकाठ भरतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरतात, ग्लासात उपडं करतात आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसंच धरून ठेवतात. मगच सोड्याचं बूच उडतं. चखण्याला उकडलेले चणे, वर कांदा, मिरची, लिंबू. पैसे असतील तर अंडा भुर्जी किंवा सुका बोंबील. चणे संपले की न मागता पुन्हा येतात. त्याचे पैसे लावत नाहीत.

•

कायद्याने इथे बसलेला प्रत्येक माणूस परवानाधारक असायला हवा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, फक्त नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आलं. साठच्या दशकात बंदी ढिली होत गेली, पण परवान्याची अट राहिली. विदेशीचा एका दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन. वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. परवान्यावर कारण छापलेलं असतं: आरोग्याचं रक्षण. बियरला एकवीस वर्षं पूर्ण हवीत, कडक दारूला पंचवीस. अण्णांकडे एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं असतात. महिन्याचा हिशेब लागतो, कागद भरले जातात. पण माणसाने किती प्यावी, हे त्या कागदाला कळत नाही. ते मामांना कळतं.

•

देशीचं दुकान नेहमी जुनंच का दिसतं? १९७३ पासून राज्याने देशीच्या दुकानांचे नवे परवाने देणं थांबवलं. आहेत तेच चालत राहतात, हस्तांतरित होतात, जागा बदलतात. कल्याण पूर्वेतल्या अशाच एका दुकानात सकाळी गेलो होतो. लोखंडी जाळीमागे विक्रेता, समोर उभं राहून पिण्यापुरती कडप्प्याची फळी, प्लास्टिकचे ग्लास, पिंपात पाणी. बाहेर हातगाडीवर तव्यावर कलेजी. सकाळी पिणाऱ्याला लोक सर्रास नावं ठेवतात. त्या फळीशी उभ्या असलेल्यांत निम्मे रात्रपाळी करून आले होते: वॉचमन, सफाईवाले, एक मालगाडीवरचा. त्यांची संध्याकाळ सकाळी असते. नव्वद मिली, मूठभर चणे आणि घरी जाऊन झोप. हे ज्याला समजत नाही, त्याने त्यांच्या पिण्यावर बोलू नये.

•

सरकारमान्य दुकान नसेल तेव्हा काय असतं, हेही याच पट्ट्याला ठाऊक आहे. दिव्यापासून पलीकडे भिवंडीच्या बाजूपर्यंत खाडीच्या खारफुटीत हातभट्ट्या लागतात. पोलीस आणि उत्पादन शुल्कवाले होडीतून जातात, पिंपं फोडतात, रसायन चिखलात ओततात. भट्ट्या पुन्हा लागतात. मग विषारी दारूची कांडं होतात: २००४ साली विक्रोळी, २०१५ साली मालवणी. मालवणीत शंभरावर माणसं गेली. कारण मिथेनॉल: ते वासाने ओळखू येत नाही, पोटात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात, मग माणूस. मेलेले जवळजवळ सगळे हातावर पोट असलेले. सीलबंद बाटली त्यांना परवडेल अशा दरात मिळणं हा जिवाचा प्रश्न आहे.

•

मोहन्याचे एक गृहस्थ वागळेच्या बारमध्ये येतात. एनआरसीत होते. नॅशनल रेयॉनचा तो कारखाना २००९ साली बंद झाला आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं भांडत राहिले. त्यानंतर यांनी ठाण्यात सिक्युरिटीची नोकरी धरली. कारखान्याबद्दल बोलताना अजून ‘आपल्या खात्यात’ म्हणतात. दोन घेतात. मामा तिसरा आणत नाहीत, तेही मागत नाहीत.

•

पगाराचा दिवस. बाईंनी दार अर्धंच उघडलं, आत आल्या नाहीत. मामा लगबगीने गेले. ‘वहिनी, थांबा जरा.’ कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. त्या माणसाने खिशातलं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मामांनी बिलापुरते पैसे त्याच्या देखत मोजून घेतले आणि बाकीचं पाकीट दारात नेऊन दिलं. बाईंनी पुन्हा मोजलं. गेल्या. तो माणूस बराच वेळ मान खाली घालून बसला होता. कुणी हसलं नाही.

मामांना नंतर विचारलं. म्हणाले, ‘लग्नाला गेलो होतो मी त्यांच्या.’

•

दारात उभ्या राहणाऱ्या त्या बाईंच्या बाजूनेच मी आहे. राज्यात आडव्या बाटलीचं मतदान आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे वॉर्डातल्या पाव हिस्सा बायका किंवा मतदार अर्ज करतात, मग मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीवर पडली तर दुकान बंद. झालेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, यादीतली निम्मी लागतात. दिवसभर राबून बायका रांगेत उभ्या राहतात आणि न आलेल्यांच्या नावामुळे हरतात. ही अट अन्यायाची आहे. जिथे दुकानदार पगार संपेपर्यंत पाजतो, तिथे बाटली आडवी व्हायलाच हवी.

•

२०१७, एप्रिल. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू झाला. घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता, एका रात्रीत शटरं खाली. जुलैत न्यायालयाने स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या दुकानांना ही बंदी नव्हती. शटरं वर उठली, पण मधल्या महिन्यांत गावी गेलेले वेटर सगळे परतले नाहीत.

•

तलावपाळीवरच्या नाट्यगृहाला राम गणेश गडकऱ्यांचं नाव आहे. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्याचं. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, गडकरी त्याआधी महिनाभर गेलेले. तळीराम सुधाकराला प्याल्यापर्यंत नेतो, आर्य मदिरा मंडळ त्याला तिथेच ठेवून घेतं. त्या सगळ्या मंडळात ‘आता बस’ म्हणणारा एकही नाही. आत मंडळ आणि बाहेर सुधाकराची बायको सिंधू, मधला माणूस गडकऱ्यांना दिसला नसावा, किंवा तेव्हा नसेलच.

•

जून २०२५. कर वाढला. देशीची १८० मिली सत्तरवरून ऐंशी, विदेशी कमीत कमी दोनशे पाच. शिवाय बारमध्ये बसून प्यायलं तर त्यावर दहा टक्के व्हॅट, तो त्याआधीच पाचावरून दहा झालेला. याविरोधात १४ जुलैला बारमालकांनी राज्यभर बार बंद ठेवले. दुसऱ्या आठवड्यात वागळेत टेबलं रिकामी दिसली. माणसं कुठे गेली ते रस्त्यावर दिसलं: उभ्या टेम्पोंच्या आडोशाला, वाइन शॉपमधून आणलेली क्वार्टर, पाण्याच्या बाटलीत कालवलेली, घाईघाईने संपवलेली. दर वाढला की माणूस कमी पितो, हे गणित या रस्त्यावर तरी मला जमलेलं दिसलं नाही. तो एकटा पितो, उपाशी पोटी पितो, भराभर पितो. बारमध्ये बसून पिणाऱ्यावरचा जास्तीचा कर आधी काढायला हवा.

•

मामांचे गुडघे गेलेत. दिवाळीनंतर गावी जाणार. नवा मुलगा चपळ आहे, पण सगळ्यांना विचारतो, ‘रिपीट?’ म्हणून मामांनी त्याला जुन्या बिलबुकाच्या पाठीमागे यादी करून दिली आहे. नावं नाहीत. ‘मोहनेवाले, दोन. कर्जतवाले, तीन, शेवटची गाडी आधी विचार. चष्मेवाले, शनिवारी काही खाल्ल्याशिवाय देऊ नको. खिडकीजवळचे, सध्या सोडली आहे, बसायला येतात, लिंबूपाणी, पैसे घेऊ नको.’ मुलगा ती यादी ऑर्डर घेताना उघडून बघतो. अण्णांनी त्याला अजून तरी टोकलेलं नाही.