आमचे मोटारीचे अध्ययन

ज्याने उभा जन्म मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात घालविला, त्याने साठी उलटल्यावर मोटारीखाली आडवे पडून तेलाने हात काळे करून घ्यावेत, ही गोष्ट आमच्या घरातील मंडळींस प्रथम विनोदाची व नंतर काळजीची वाटली. वाचकांसही ती तशीच वाटण्याचा संभव आहे; म्हणून झाला प्रकार पहिल्यापासून निवेदन करतो.

आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त बारा वर्षे नैरोबीस होते. 1986 साली ते कायमचे स्वदेशी परतले, तेव्हा त्यांची मर्सिडीज मोटारही बोटीने मुंबईस व तेथून वाईस आली. मोटार 1982 सालची, '240 डी' या जातीची, हस्तिदंती रंगाची. आमच्या आळीत तिचे स्वागत एखाद्या राजरथासारखे झाले. त्या काळी जर्मनीतील टॅक्सी याच रंगाच्या असत व हीच मोटार त्यांत सर्रास वापरीत, ही माहिती आम्हांस फार उशिरा मिळाली. म्हणजे ज्याला आम्ही राजरथ समजत होतो, तो तिकडचा टांगा! पण टांग्याचा घोडा जसा काटक, तशी ही मोटार. 1976 च्या आरंभी हा नमुना बाजारात आला आणि 1986 च्या आरंभी बंद झाला. तेवढ्यात सुमारे 27 लक्ष मोटारी निघाल्या. वेग बेताचा, शक्ती 72 अश्वांची, परंतु टिकाऊपणात तिला तोड नाही असा तिचा लौकिक.

बंधू रोज दिवेलागणीस अंगणात मोटार उभी करीत आणि आपल्या दाराला किल्ली लावीत. त्यासरशी बाकीच्या दारांच्या कड्याही एकदम 'खट्' करून बसत. तो आवाज ऐकला की वहिनी पाने घ्यावयास उठत. हा क्रम पुष्कळ वर्षे चालला. तीन वर्षांपूर्वी बंधू निवर्तले आणि मोटार अंगणात पारिजातकाखाली तशीच उभी राहिली. गतवर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली, तेव्हा घरातील कर्त्या मंडळींनी ती भंगारात काढण्याचे ठरविले. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा बंधूंचा धाकटा मुलगा एवढेच म्हणाला, "मी बघतो. मात्र रविवारी हाताखाली एक माणूस पाहिजे." बाकी सर्वांस आपापले उद्योग होते. रिकामटेकडे असे आम्हीच काय ते होतो.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा पुतण्या शाळेत आमचाच विद्यार्थी. बंधू परदेशी असताना तो आमच्याजवळच वाढला. नववीत तो संस्कृतात नापास झाला, त्या वेळी भर वर्गात आम्ही त्याला मठ्ठ म्हटले. आणि घरी बंधूंना सांगितले की याच्या हातून विद्या होणे नाही. पुढे त्याने डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतले, स्वतःचा कारखाना काढला, चार माणसे पोसली. आमच्याशी तो कधी उद्धटपणे वागला नाही. पण गेली तीस वर्षे कामापुरतेच बोलत आला. त्याचे कारण आम्हांस ठाऊक होते व त्यालाही ठाऊक होते.

पहिले चार रविवार साफसफाईतच गेले. टाकीतील जुने डिझेल काढले, गाळण्या बदलल्या, इंजिनाचे व ब्रेकचे तेल नवे घातले, बॅटरी आणली. मग झडपांमधील फटी मापण्याचे काम निघाले. पोलादाच्या पातळ पात्यांचा एक जुडगा असतो, त्यातील ठराविक जाडीचे पाते फटीत सरकवून पाहावयाचे. हवा आत घेणाऱ्या झडपेची फट एक दशांश मिलिमीटर. धूर बाहेर टाकणाऱ्या झडपेची त्याहून अधिक. "असे का असेल, काका?" असे विचारून पुतण्या हातातले काम करीत राहिला. त्याने उत्तर सांगितले नाही, घाईही केली नाही. पाच-सात मिनिटांनी आमच्या ध्यानात आले की धुराची झडप अधिक तापते, तापल्यावर अधिक लांबते, म्हणून तिला जागा अधिक लागते. तो नुसता "बरोबर" म्हणाला. वर्गात प्रश्न विचारून इतका वेळ आम्ही कधी कोणासाठी थांबलो होतो, हे आठवू लागलो, आठवले नाही.

पाचव्या रविवारी इंजिन सुरू झाले. डिझेलच्या इंजिनास ठिणगी लागत नाही; हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनेच तेल पेट घेते. थंड इंजिनास आरंभी ऊब देण्यासाठी चार तापकांड्या असतात, त्यांचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते. हे सर्व यथासांग झाले. पण थांबविण्याची वेळ आली तेव्हा निराळाच प्रसंग ओढवला. किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन आपले चालूच! आम्ही घाबरून ओट्यावर चढलो. पुतण्याने शांतपणे बॉनेट उघडून आतला एक दांडा दाबला, तेव्हा ते थांबले. दांड्यावर 'स्टॉप' अशी अक्षरे होती. जर्मन मनुष्याने हाही प्रसंग गृहीत धरला होता.

कारण असे. ठिणगीच नाही, तेव्हा ती तोडून इंजिन बंद करता येत नाही; तेलच तोडावे लागते. या मोटारीत ते काम निर्वात करतो. इंजिनावर हवा शोषणारा एक पंप असतो. किल्ली फिरविली की तो शोष बारीक नळीतून तेलाच्या पंपापर्यंत पोहोचतो व तेथील पडदा ओढून तेल बंद करतो. तोच शोष ब्रेकला साह्य करतो आणि तोच दारांच्या कड्या ओढतो. इंजिन बंद असतानाही कड्या चालाव्यात म्हणून त्याचा थोडा साठा एका डब्यात राखलेला असतो. अर्थात कोठेही नळी फुटली, की शोष वाया जातो व किल्लीचा हुकूम पोहोचत नाही.

आता फूट शोधावी कशी? पुतण्याने कड्यांकडे जाणारी नळी इंजिनाजवळच रबरी बुचाने बंद केली. किल्ली फिरविताच इंजिन थांबले. बूच काढले, थांबेना. म्हणजे दोष कड्यांच्या बाजूस. मग एकेका दाराची नळी बंद करून तोच प्रयोग केला. डाव्या अंगाच्या मागच्या दाराची नळी बंद केली की थांबे, उघडी ठेवली की थांबत नसे. आम्ही चकित होऊन पाहात होतो. दोषाचे स्थान तोडले की दोष नाही, जोडले की दोष आहे: हा तर अन्वय-व्यतिरेक! जेथे धूर तेथे अग्नी, जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही. स्वयंपाकघर व डोह हे त्याचे दृष्टान्त आम्ही तर्कसंग्रहात पाठ केले होते, इतरांसही पाठ करावयास लावले होते. पण त्याचा उपयोग करून एखादी फुटकी नळी शोधण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता.

आम्ही त्याला हे नाव सांगितले. तो हसून म्हणाला, "आम्ही याला एकेक बंद करून बघणे म्हणतो." तेव्हा आम्हांस राहवले नाही. आम्ही म्हटले, "तुला वर्गात मठ्ठ म्हटले होते. ते चुकले. तुझ्या वडिलांना सांगितले, तेही चुकले." तो बराच वेळ दाराचे अस्तर उचकटण्यात गुंतला होता. मग वर न पाहता म्हणाला, "बाबा गेल्या वर्षांत मला म्हणाले होते, काका एक दिवस हे बोलतील. मी म्हटले, नाही बोलायचे." एवढे बोलून त्याने पाना मागितला. आम्ही दिला, या वेळी नंबर न चुकता दिला.

दारातील रबरी पडदा चिरलेला निघाला. नवा मुंबईहून आला आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी बसविला. पुतण्याने किल्ली फिरविली. इंजिन तत्काळ थांबले. त्याने बाहेर येऊन दाराला किल्ली लावली, आणि सर्व कड्या एकदम 'खट्' करून बसल्या.

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. वहिनी पदराला हात पुशीत ओट्यापर्यंत आल्या. तेथे मुलगा किल्ली हातात घेऊन उभा आहेसे पाहून क्षणभर थबकल्या, मग म्हणाल्या, "हात धुऊन घ्या दोघे. पाने घेते."

मोटार भंगारात गेली नाही. नोंदणी झाली असून इंजिन अद्याप थोडे तेल गाळते. तो आमचा पुढचा पाठ आहे. प्रत्येक मोठ्या घरात एखादे मूल मंद म्हणून बाजूस पडलेले असते. त्याच्यापाशी वडिलांनी एखादा रविवार शिष्य होऊन बसून पाहावे, असे आम्ही सुचवितो. आम्हांस यास तीस वर्षे लागली. वाचकांस इतकी लागू नयेत.